साहेबांची रेघ

लेफ्टनंट चुडामण रतनजी पाटील वारले, तेव्हा त्यांच्याविषयी चांगलं बोलायला सगळ्यात आधी धुडकूनाना उभे राहिले. धुडकूनाना आमच्या गावच्या सहकारी बँकेचे चेअरमन. साहेब त्याच बँकेचे मॅनेजर. बारा वर्षांत दोघांचं एकाही गोष्टीवर एकमत झालेलं मी पाहिलं नव्हतं, आणि मी हेडक्लार्क असल्यामुळे दोघांच्या मधल्या टेबलावर बसत होतो. शोकसभेत नानांनी फोटोला हार घातला. "आसा मानूस परत व्हनार नई," ते म्हणाले. त्यात त्यांना वाटणारा दिलासा फक्त मलाच ऐकू आला.

सभेतच स्मारक समिती नेमली गेली. अध्यक्ष नाना, चिटणीस मी बन्सीलाल, आणि तिसरे लोटन गुरुजी. गुरुजींना घेतलं कारण गावातल्या सगळ्या पाट्या तेच रंगवत.

साहेब मूळचे आमच्याच गावचे, गुजर पाटलांच्या घरातले. लढाईच्या काळात आरमारात गेले आणि त्रेपन्न साली नोकरी सोडून परत आले. तापीकाठच्या कपाशी-केळीच्या गावाला आरमारातल्या माणसाचं काय करायचं ते कळेना. लोक त्यांना कप्तान म्हणू लागले. "कप्तान नाही, लेफ्टनंट," असं ते दोन वर्षं प्रत्येकाला सांगत राहिले. तिसऱ्या वर्षी त्यांनी नाद सोडला आणि कप्तान म्हटलं की ओ द्यायला लागले.

चौपन्न साली बँक निघाली, ती कापसाच्या जुन्या जिनिंगच्या गोदामात. मॅनेजर व्हायला दुसरं कोणी तयार नव्हतं म्हणून साहेब झाले. त्यांना बँकेतलं फारसं कळत नव्हतं, पण गावाचं काय चुकतंय ते त्यांना फार कळायचं. कर्जाच्या कागदाला शेवटी एक अट ते स्वतःच्या हाताने लिहीत आणि ती माणूस पाहून बदलत. कोणाला घरामागे सांडपाण्याचा खड्डा खणायची अट, कोणाला मुलगी चौथीपर्यंत शाळेत ठेवायची. खुद्द चेअरमनला, म्हणजे नानांना, इंजिनसाठी कर्ज हवं होतं, तर अट पडली की बैलांची पाण्याची कुंडी गावविहिरीपासून शंभर पावलं लांब न्यायची. "हाई बँक शे का तुरुंग शे?" असं नाना माझ्या टेबलापाशी येऊन विचारत. साहेबांना विचारत नसत. कुंडी मात्र हलली.

आता होडीचं सांगतो, कारण सगळं तिच्यावरच आहे.

गाव तापीच्या उत्तरेला. नंदुरबार, रेल्वे, कोर्ट, चिंचपाड्याचा दवाखाना, सगळं दक्षिणेला. पूल नव्हता. जायचं ते दोधू भोयाच्या होडीतून. दोधूची जुनी होडी माणसं मोजत नसे, काठावर असेल त्याला घेत असे. छप्पन्न सालच्या भादव्यात ती भरल्या पाण्यात उलटली आणि तीन माणसं गेली. गावाने तेरा दिवस हळहळ केली. चौदाव्या दिवशी दोधू नव्या होडीसाठी कर्ज मागायला बँकेत आला.

साहेबांनी कर्ज दिलं आणि अट लिहिली. होडीच्या दोन्ही अंगांना बाहेरून पांढरी रेघ ओढायची. माणसं बसतील तशी होडी खाली जाईल. रेघ पाण्याला टेकली की पुढचा माणूस घ्यायचा नाही, मग तो कोणीही असो. आरमारात मोठ्या जहाजांना अशी रेघ असते म्हणे.

सत्तावन्न साली होडी बांधून झाली, तेव्हा रेघ कुठे ओढायची हे ठरवण्यासाठी साहेबांनी तिची लांबी, रुंदी, खोली मोजली आणि दोन दिवस कागदावर आकडेमोड केली. उत्तर सव्वीस माणसं असं आलं. मग त्यांनी तो कागद खिशात घातला आणि मला म्हणाले, "बन्सी, तू होडीत बस. काठाला बस."

मला पोहता येत नाही. नदीकाठी जन्म काढून पोहता न येणारा माझ्या पिढीत मी एकटाच, आणि हे साऱ्या गावाला माहीत. साहेब गुडघाभर पाण्यात खडू घेऊन उभे राहिले. गाव एक एक करून होडीत चढू लागलं. पंधरा झाले, वीस झाले. पाणी माझ्या बाजूने वर यायला लागलं. बाविसाव्या माणसाला मी डोळे मिटले. तेविसावा बसला आणि मी बोंब मारली.

साहेबांनी तिथेच खडू टेकवला.

काठावरचा माणूस न् माणूस हसला. दोधू तर सुकाणू सोडून हसला. त्या दिवसापासून त्या रेघेला कोणी साहेबांची रेघ म्हटलं नाही. तिचं नाव 'बन्सीनी बोंब' पडलं. होडी भरली की दोधू काठावरच्यांना हात दाखवून सांगे, "बोंब उनी. दुसरी खेपले या." परगावच्या लोकांना वाटे, काही सरकारी शब्द असेल. माझ्या मुलीला पाहायला नंदुरबारहून पाहुणे आले, तेव्हा त्यांनीही होडीत तो ऐकला आणि चहा पिताना मला त्याचा अर्थ विचारला. मी म्हटलं, जुना शब्द आहे.

साठ साली नाना मुलाची सोयरीक पक्की करायला निघाले होते. नवं उपरणं, हातात मिठाईची टोपली, नंदुरबारची गाडी गाठायची घाई. होडीत तेवीस माणसं बसलेली. नाना चोविसावे.

"नाना, बोंब उनी," दोधू म्हणाला.

"मी चेअरमन शे."

"चेअरमननं बी वजन ऱ्हास ना, नाना."

नानांची गाडी चुकली. त्या मुलीची सोयरीक दुसऱ्या घरी ठरली. नानांनी बँकेत येऊन साहेबांकडे दोधूची तक्रार केली. साहेबांनी दोधूला बोलावून घेतलं, नानांच्या देखत खुर्ची दिली आणि चहा पाजला. हा चहा नाना सहा वर्षं विसरले नाहीत.

मी तरी कुठे विसरलो होतो. त्रेसष्ट साली एकदा बँक बंद करताना मी धीर करून साहेबांना म्हटलं, "गणित तर तुम्ही केलं होतं. मग मला होडीत बसवून गावात हसं का केलंत?"

साहेब किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन उभे होते. ते बसले. त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांच्या हयातीत कोणाला बोललो नाही. लढाईत ब्रह्मदेशच्या किनाऱ्याजवळ जहाजावरून खलाशांना लहान होडीत उतरवून काठाला न्यायचं काम त्यांच्याकडे होतं. वय बावीस. होडी भरली आहे हे त्यांना दिसत होतं. वरून गोरा अधिकारी म्हणत होता, आणखी दोन घे, आणखी दोन घे. "माले भ्याव वाटी ऱ्हायनं व्हतं," साहेब म्हणाले. "पन त्याना समोर बोलाले लाज वाटनी. गप ऱ्हायनू." होडी जहाजापासून शंभर हातही गेली नाही. सात जण बुडाले. साहेबांना पोहता येत होतं, म्हणून ते राहिले.

मग किल्ल्या माझ्याकडे देत ते म्हणाले, "गनित मी तवय बी करेल व्हतं. तुले भ्याव वाटस नि तू वरडस. बस, माले तेवढंच पाहिजे व्हतं."

हे बक्षीस म्हणून सांगितलं की काय, ते मला तेव्हा कळलं नाही. मला राग आला होता. भित्रेपणाचं कौतुक ऐकून घ्यायला कोणाला आवडतं?

आणि एक गंमत सांगायची राहिली. रेघ ओढल्यापासून जवळजवळ दहा वर्षांत एकदाही होडी बुडाली नाही. त्यामुळे रेघेचा काही उपयोग नाही, असं गावाचं पक्कं मत झालं होतं.

तर स्मारक समिती. पुतळा नको ठरला, कारण खर्च. कमान नको ठरली, कारण ती कोणाच्या शेताच्या हद्दीत येणार यावर वाद. बँकेत फोटो लावावा, तर तो आधीच लागलेला. चौथ्या बैठकीत लोटन गुरुजी म्हणाले की साहेबांची खरी आठवण म्हणजे होडीवरची रेघ, ती नव्याने रंगवावी आणि तिच्यावर त्यांचं नाव लिहावं. सगळ्यांना एकदम पटलं. गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण अक्षरं तेच काढणार होते.

तेवढ्यात नानांना शंका आली. "रेघ तं पाणीले लागस. मंग साहेबनं नाव पाणीमा बुडाडतस का?"

गुरुजींनी आणखी भर घातली. होडीत चढताना लोक चिखलाचा पाय नेमका तिथे टेकवतात. गेलेल्या माणसाच्या नावाला पाय लागणार, वर ते रोज पाण्यात जाणार. हे बरं दिसतं का?

बरं दिसत नव्हतं. म्हणून असं ठरलं की रेघ मानाच्या जागी घ्यावी. म्हणजे होडीच्या वरच्या काठाखाली चार बोटं सोडून. मूळ जागेपासून चांगली दीड वीत वर. आणि नाव रेघेच्याही वर, जिथे पाय लागणार नाही आणि पाणी पोचणार नाही.

मी अगदीच काही बोललो नाही असं नाही. "रेघ वर गेली तर होडी जास्त भरेल," एवढं मी बोललो, आणि तेही टाक दौतीत बुडवता बुडवता.

नाना माझ्याकडे वळले आणि फार मायेने म्हणाले, "बन्सीभाऊ, इचार करा. नई रेघ, नवं नाव. साहेबनी रेघ. आते कोनी बोंब म्हननार नई." आणि वर, "दसरा व्हई जाऊ द्या. मंग खुर्चीनं देखसू."

खुर्ची म्हणजे मॅनेजरची. साहेब गेल्यापासून ती रिकामी होती आणि बारा वर्षं तिच्या शेजारी बसलेला माणूस मी होतो. एका दगडात माझे दोन्ही पक्षी नानांनी पाडले होते. मी ठराव लिहिला. खाली ओळ लिहिली, 'सर्वानुमते मंजूर'. अक्षर छान आलं होतं.

दोधूला बोलावून सांगितलं. त्याने रेघ किती वर जाणार ते हाताने मोजून पाहिलं. मला वाटलं, हा तरी काही बोलेल. पण साहेबांनी त्याला एकच गोष्ट घोटून शिकवली होती की डोळ्यांनी अंदाज करायचा नाही, रेघ सांगेल ते करायचं. तो म्हणाला, "रेघ जठे म्हनी तठलोंग भरसू." खेपेला आठ माणसं जास्त मिळणार म्हणून तो नाराजही नव्हता.

सहासष्ट सालच्या दसऱ्याला सकाळी उद्घाटन ठेवलं. पाऊस उशिरापर्यंत झाल्यामुळे तापी भरलेली होती. होडीला नवं डांबर फासलं होतं, जुनी रेघ त्याखाली गेली होती. वर काठाजवळ पांढरी रेघ चमकत होती. तिच्यावरच्या चार बोटांत 'लेफ्टनंट चुडामण रतनजी पाटील स्मारक' मावायचं होतं, म्हणून गुरुजींना अक्षरं बारीक काढावी लागली होती. तरी लांबून वाचता येत होतं. आपट्याची पानं बांधली होती, वाजंत्री होती.

कार्यक्रम असा होता की साहेबांच्या पत्नी नर्मदावहिनींनी रेघेला फुलं वाहून पूजा करायची, मग मान्यवरांनी होडीत बसून पलीकडच्या तीराला जायचं आणि परत यायचं. मान्यवर किती, हे ठरवलं नव्हतं. रेघ टेकेपर्यंत सगळेच मान्यवर.

चिटणीस म्हणून साहेबांचा फोटो माझ्या हातात. बँकेतला काढून आणलेला, आरमाराच्या पांढऱ्या कपड्यांतला, हार घातलेला. मला पुढच्या टोकाला, काठाशी बसवलं. वहिनी मधल्या फळीवर, पांढरं लुगडं सावरून बसल्या. मग बाकीचे चढू लागले. मी मोजत नव्हतो असं मला म्हणायचं आहे, पण बँकेत जन्म गेलेला माणूस मोजतोच. एकोणीस. वीस. गुरुजी एकविसावे.

मी एक हात काठाबाहेर खाली सोडला. डांबराखाली जुन्या रंगाचा उंचवटा बोटांना लागला. साहेबांनी तीन हात रंग देववला होता, तो डांबराने दबला नव्हता. तेविसावा माणूस बसला आणि त्या उंचवट्यावर पाणी आलं. गार लागलं.

"आजून दीड वीत शे," दोधू मागून ओरडला. "या, या."

चोवीस. सव्वीस. वाजंत्रीवाले दोघं, त्यांचा संबळ. एकोणतीस. पाणी मनगटाच्या वर आलं, म्हणून मी हात आत घेतला. होडी अजून काठाच्या खुंटाला बांधलेली होती. पुढे सगळा डोह. मी फोटोकडे पाहिलं. फोटो काही बोलत नव्हता. हयातीत त्यांनी सांगायचं ते सांगून झालं होतं.

मी तेव्हा काय विचार करत होतो ते खरं सांगतो. बुडण्याचा नाही. मी विचार करत होतो की आत्ता ओरडलो तर हे लोक पुन्हा दहा वर्षं हसतील, आणि खुर्ची जाईल. पलीकडे पोचायला पाव तासही लागत नाही. गप्प बसलं तर कदाचित काहीच होणार नाही. आणि मग एकदम मला कळलं की बावीस वर्षांचे साहेब त्या दिवशी हेच म्हणत असतील, याच शब्दांत.

एकतिसावे नाना. त्यांनी होडीत पाय ठेवला आणि मी बोंब मारली.

सत्तावन्न सालापेक्षा मोठी निघाली. वाजंत्री थांबली. मग काठावर जे हसू उसळलं ते मला आजही ऐकू येतं. म्हातारे हसले, बायका पदर तोंडाला लावून हसल्या. नाना हसले नाहीत. ते हळूच म्हणाले, "उतरा बन्सीभाऊ. ज्याले होडीमा भ्याव वाटस, त्याले खुर्चीवर बी भ्याव वाटी."

मी उतरलो. मांडीभर पाण्यात, फोटो डोक्यावर धरून. माझ्या एकट्याच्या उतरण्याने होडी फारशी वर आली नाही. दोधू दोर सोडायला वाकला.

तेवढ्यात नर्मदावहिनी उठल्या. त्यांनी लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं आणि त्या पाण्यात उतरल्या. ज्यांच्या हस्ते सगळं होतं त्याच उतरल्यावर गुरुजींना बसून राहणं बरं दिसेना. ते उठले. मग एकदम सगळेच उठले आणि सगळेच एका बाजूला आले. होडी कलली. काठ पाण्याखाली गेला आणि साहेबांच्या नावावरून पाणी भसाभसा आत आलं. कोणी बुडालं नाही, कारण होडी काठाशीच होती. संबळ वाहून गेला. नाना नव्या धोतरासकट छातीपर्यंत भिजले. दोधू सुकाणूपाशी कंबरभर पाण्यात उभा होता आणि फक्त डोहाकडे बघत होता.

मला वाटलं, वहिनींना सगळं ठाऊक होतं. साहेबांनी ब्रह्मदेशची गोष्ट त्यांना सांगितली असणार. दुसऱ्या दिवशी फोटो बँकेत परत लावून वहिनींकडे गेलो तेव्हा मी विचारलं, "वहिनी, तुम्ही कशा काय उतरलात?"

"त्यासना फोटू उतरी गया," त्या म्हणाल्या. "मंग मी तठे एकटी कसाले बसू?"

ब्रह्मदेशचं त्यांना काहीच माहीत नव्हतं. मीही सांगितलं नाही.

समितीच्या अहवालात 'उद्घाटन उत्साहात पार पडले' असं आहे. ते मीच लिहिलं. मॅनेजरच्या खुर्चीवर नानांचे धाकटे जावई बसले. ते चांगले आहेत, कोणाला अटी घालत नाहीत. आणि रेघ आहे तिथेच आहे. ती खाली घ्यावी असं मी दोनदा सुचवलं. पण तिची पूजा झाली आहे, तिच्यावर गेलेल्या माणसाचं नाव आहे, तिला आता हात कसा लावणार? आज अडुसष्ट साल आहे, ती दर दिवाळीला नव्याने रंगवतात.

दोधू मात्र त्या दसऱ्यानंतर आठ दिवसांनी बँकेत आला. उभाच राहिला. म्हणाला, "भाऊ, साहेबनी रेघले माले हात लावता येस नई. पन तिन्हावर माले भरोसा बी नई. बाजारना दिनले तुमी घडीभर ईसन बसशात का?"

तेव्हापासून प्रकाशा गावची जत्रा असो की नंदुरबारचा बाजार, गर्दीच्या दिवशी दोधूचा निरोप येतो. नव्या मॅनेजरांची परवानगी घेऊन मी घाटावर जातो, चपला काढतो आणि पुढच्या टोकाला काठाशी बसतो. माणसं चढत जातात. कोणी मोजत नाही, दोधू माझ्या तोंडाकडे बघत असतो. बाविसाव्याला मी डोळे मिटतो. तेविसाव्याला ओरडतो. मग मी उतरतो, माझ्या जागी एक माणूस बसतो आणि होडी जाते.

काठावरचे लोक हसतात. पोरंही हसतात, त्यांना साहेब आठवत नाहीत, वर कोणाचं नाव लिहिलंय तेही ती वाचत नाहीत. हसू थांबेपर्यंत मी पाण्यात उभा असतो. लाज मला अजून वाटते, साहेब. पण ती नंतर वाटते.